टाळ्या मिळाल्या, पण लग्न झालंच

पत्र : आम्ही विडी घरकुलातल्या, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतल्या, नऊ जणी आणि कॉलेजातली तीन मुलं मिळून गाण्याचं पथक चालवतो. मुलींची लग्नं अठराच्या आत होऊ नयेत म्हणून सहा गाणी बसवली. गणपतीत, नवरात्रात आणि भीमजयंतीला कार्यक्रम केले. लोक मोबाईलवर शूटिंग घेतात, टाळ्या वाजवतात, बक्षीसही देतात. पण जिथं गाणी झाली त्याच गल्लीतल्या, दहावी झालेल्या मुलीचं लग्न गेल्या महिन्यात गावाकडं नेऊन उरकलं. तिची आई आमच्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसली होती. गाण्यानं खरंच काही बदलतं का, की आम्ही नुसती करमणूक करतोय? आमच्या एका गाण्याचं ध्रुपद खाली देते :

अज्ञानाच्या अंधारातुनी बालिकेस या मुक्त करू
ज्ञानज्योत ही पेटवूनी समाजपरिवर्तन घडवू

आणखी एक विचारायचं होतं. एकांनी पथकाला पंचवीस हजार रुपये देऊ केलेत. त्यातून कीबोर्ड आणि मोठा स्पीकर घ्यावा असं मुलं म्हणतात. घ्यावा का?
– एक वाचक, विडी घरकुल, सोलापूर

उत्तर :

ताई, गाण्यानं बदलतं. मात्र ते ऐकणाऱ्यापेक्षा म्हणणाऱ्याला जास्त बदलतं. तुमचं पत्र पुन्हा वाचून बघा. लोक बघतात, शूटिंग घेतात, टाळ्या वाजवतात. लोक तुमच्याबरोबर गातात असं त्यात कुठंही आलेलं नाही. तुमची मेहनत कमी पडलेली नाही, पण गाणी बसवतानाच ती ऐकवण्यासाठी बसवली गेली. ती म्हणायला लावण्यासाठी बसवली तर त्याच सहा गाण्यांचं काम वेगळं होईल.

पहिल्या रांगेतल्या त्या आईचा विचार करू. तुमचं म्हणणं तिला पटलं नसेल असं धरून चालू नका. बहुधा पटलंच असेल. पण लग्नाचा निर्णय ती एकटी घेत नाही. नवरा, दीर, गावाकडची माणसं, वय वाढलं की हुंडा वाढेल ही धास्ती, आणि आपण कामावर असताना वयात आलेली पोर घरी एकटी राहते ही रोजची काळजी, हे सगळं दुसऱ्या पारड्यात असतं. शिवाय तिला वाटतं, थांबावं असं वाटणारी गल्लीत आपण एकटीच. शेजारच्या बाईलाही तेच वाटत असतं आणि तीही गप्प असते. भाषण ऐकताना दोघी गप्प, गाणं ऐकतानाही दोघी गप्प. दोघींनी एकाच वेळी, एकमेकींकडं बघत, मोठ्यानं तेच शब्द म्हटले की पहिल्यांदा कळतं की हिलाही हेच वाटतंय. गाण्याची सगळ्यात मोठी ताकद इथं आहे, आणि ती फक्त ऐकून मिळत नाही.

एकत्र गाण्यानं माणसं लवकर जवळ येतात हे तपासून पाहिलेलं आहे. इंग्लंडमध्ये प्रौढांच्या वर्गांवर झालेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. काही वर्ग गाण्याचे होते, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे. गाण्याच्या वर्गातल्या अनोळखी माणसांत आपलेपणा सगळ्यात आधी आला. सात महिन्यांनी मात्र सगळेच वर्ग सारखेच जवळ आलेले होते. म्हणजे गाणं ओळखीचा वेळ वाचवतं, पुढचं नातं भेटीगाठींनीच टिकतं. हा दुसरा अर्धा भाग पथकं विसरतात. चालीचंही तसंच. वांडा वॉलेस यांनी १९९४ मध्ये दाखवलं की गायलेले शब्द बोललेल्या शब्दांपेक्षा जास्त लक्षात राहतात, पण एकच सोपी चाल कडव्यामागून कडव्याला परत आली तरच. चाल एकदाच कानावर पडली किंवा प्रत्येक कडव्याला बदलली तर गाऊन सांगण्याचा फायदा राहत नाही. तुमची तीन कॉलेजची मुलं हौसेनं प्रत्येक कडव्याला नवी चाल लावत असतील तर त्यांना हे जरूर सांगा.

तुमच्या कामाशी अगदी जवळचा एक दाखला आहे. ‘हम होंगे कामयाब’ हे गिरिजाकुमार माथुर यांनी हिंदीत आणलेलं गाणं आपल्या प्रत्येक शाळेत म्हटलं जातं. त्याचं मूळ इंग्रजी गाणं चळवळीत आलं ते तंबाखू कामगार बायकांमुळं. अमेरिकेतल्या चार्ल्सटन शहरात सिगारच्या कारखान्यात १९४५ च्या ऑक्टोबरात संप झाला आणि तो १९४६ मध्येही चालू राहिला. संपात काळ्या बायका मोठ्या संख्येनं होत्या. थंडीपावसात कारखान्यापुढं पहारा द्यायचा आणि दिवस संपताना एक जुनं चर्चमधलं गीत म्हणायचं, असा त्यांचा रिवाज होता. ल्युसिल सिमन्स ही कामगार ते संथ लयीत म्हणायची. मूळ गीतात ‘मी’ होता, या बायकांनी त्याचा ‘आम्ही’ केला. पुढं टेनेसीतल्या एका कामगार प्रशिक्षण केंद्रात ते झिल्फिया हॉर्टन यांच्या हाती आलं, आणि १९६० नंतर वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या विद्यार्थ्यांनी ते सगळीकडं नेलं. त्यात सोपी चाल, एक ओळ तीनदा, आणि कडवं बदलताना फक्त दोन-तीन शब्द बदलतात. वाद्य नसलं तरी चालतं. आणि ते गाणं संपाबरोबर चालत होतं, संपाऐवजी नव्हतं.

आपल्या जिल्ह्यातही हेच दिसतं. शाहीर अमर शेख बार्शीचे. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, द. ना. गवाणकर आणि त्यांनी मिळून लाल बावटा कलापथक उभं केलं. त्यांचा आवाज मैदान भरून टाकायचा हे खरं, पण संयुक्त महाराष्ट्राच्या काळात त्यांच्या गाण्यामागं समिती होती, सभा होत्या, मोर्चे होते. गाणं संपलं की उद्या कुठं जमायचं हे ऐकणाऱ्याला ठाऊक असायचं. तुमचा कार्यक्रम संपल्यावर त्या आईला उद्या काय करायचं हे कुणी सांगितलं होतं का? त्याकडं पुढं येऊच. आधी ध्रुपद.

तुमच्या दोन ओळींतला भाव खरा आहे, पण ते शब्द तुमच्या गल्लीत कुणी बोलत नाही. ‘बालिका’, ‘ज्ञानज्योत’, ‘समाजपरिवर्तन’ हे शब्द फलकावरचे आहेत. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या बाईच्या तोंडी ते सहज बसत नाहीत. दुसरी अडचण लांबीची. एक ओळ संपेपर्यंत सरावातल्या गायिकेचाही श्वास संपतो. तिसरी सगळ्यात मोठी अडचण ही की यात समोरच्याला म्हणायला जागाच नाही. जलशात, पोवाड्यात झील धरणारे, म्हणजे मागून ओळ उचलून म्हणणारे, असतात. तुमची झील म्हणजे अख्खी गल्ली झाली पाहिजे. त्यासाठी ध्रुपद सवाल-जवाबाचं करा. एक नमुना देतो, हवा तसा मोडा :

पोरगी कुणाची गं? – आपली! आपली!
शिकंल किती गं? – शिकंल तितकी!
हळद कवा गं? – अठरा झाल्यावर!

सवाल तुमच्या पुढच्या गायिकेचा, जवाब सगळ्यांचा. चार टाळ्यांत सवाल, चार टाळ्यांत जवाब. मिनिटाला ९६ टाळ्यांची लय धरली तर हे आठ टाळ्यांचं आवर्तन पाच सेकंदांत होतं. एका श्वासात बसतं आणि लहान पोरालाही दुसऱ्या फेरीत येतं. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला ‘आपली’च्या जागी ‘मन पिल्ला!’ येऊ द्या, मग ‘नम्म हुडुगी!’ येऊ द्या. तेलुगू आणि कन्नड घरांतल्या बायका त्या क्षणी मान वर करतील. कडव्यांतही एक तेलुगू, एक कन्नड, एक दखनी असू द्या. ती त्या त्या घरातल्या बाईकडून सांगून घ्या. मोबाईलवर भाषांतर करून घेतलेली ओळ चुकीची निघाली तर हसं होतं, आणि ज्यांच्यासाठी केली तेच दुरावतात.

कडव्यात मत मांडू नका, वस्तू दाखवा. विडीची मजुरी हजारावर मोजतात, तो आकडा गाण्यात घ्या :

हजार विड्या वळतात हात
डोळं माझं दप्तरात

एवढ्या दोन ओळींत आई, तिचं काम, तिची इच्छा सगळं आलं. सूप, पानं, दोरा, कारखान्यात माल द्यायला जाणं, छाट (नापास विड्या) निघाल्यावर कापले जाणारे पैसे, हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. ते सगळं गाण्यात येऊ द्या.

आता सूर. गल्लीतल्या गाण्याचे निम्मे घोटाळे पट्टीचे असतात. पेटीवाला मुलगा आपल्या गळ्याप्रमाणं काळी १ (पेटीची पहिली काळी पट्टी) धरतो, चाल तार सापर्यंत जाते, बायकांना ती किंचाळून म्हणावी लागते, म्हणून त्या ओठ हलवतात आणि आवाज काढत नाहीत. लोक गात नाहीत, लाजतात, असं आपण म्हणतो, तेव्हा बरेचदा कारण फक्त पट्टी असते. चाल सा ते ध या सहा सुरांतच फिरवा, आणि सा काळी ५ ला लावा. बायकांना तो मधल्या सप्तकात सोयीचा पडतो, पुरुष आपोआप त्याच्या खालच्या सप्तकात म्हणतात. खात्री करायची तर पथकाबाहेरच्या, कधी न गाणाऱ्या दोन बाया आणि दोन बाप्ये बोलवा आणि त्यांना जवाब म्हणायला लावा. मान वर ताणली जात असेल तर पट्टी एक सूर उतरवा, सुरुवातीचा सूर बोलल्यासारखा पुटपुटला जात असेल तर चढवा.

लय ही दुसरी जागा. रंग चढला की ढोलकी पळते. ९६ ला सुरू झालेलं गाणं तिसऱ्या कडव्याला ११५ ला पोचतं, शब्द गिळले जातात, आणि जमाव झील सोडून नुसत्या टाळ्या वाजवायला लागतो. कार्यक्रम जोरात झाला असं वाटतं, प्रत्यक्षात लोक गाण्यातून बाहेर पडलेले असतात. यावर उपाय म्हणजे लय ढोलकीकडं न देता झांजेकडं द्यायची. पथकातली सगळ्यात शांत बाई झांज धरेल आणि ढोलकीवाला तिच्याकडं बघून वाजवेल. सरावात मोबाईलवर मेट्रोनोम (ठरलेल्या लयीत टकटक करणारं ॲप) लावून प्रत्येक गाणं तीन वेळा म्हणा, चौथ्यांदा तो बंद करून म्हणा, आणि शेवटी पुन्हा लावून आपण किती पळालो ते पाहा.

ठेका निवडताना सोलापूरला एक वरदान आहे ते वापरा. इथं लेझीम रस्त्यावरच्या पोरापोरींच्या पायात आहे. लेझमीच्या हलगीच्या ठेक्यावर ध्रुपद बसवलं तर शरीर आधीच तयार असतं, फक्त शब्द शिकवायचे राहतात. सिनेमाच्या चालीचा मोह टाळा. लोकांच्या डोक्यात मूळ शब्द वाजत राहतात, आणि व्हिडिओ टाकला तर हक्काच्या (कॉपीराइटच्या) तक्रारीनं आवाज बंद होतो. ओवी, भारूड, गोंधळ, हादग्याची गाणी यांच्या पारंपरिक चाली कुणाच्या मालकीच्या नाहीत आणि त्यांतल्या बऱ्याच सहा सुरांत बसतातही.

ढोलकी कार्यक्रमाच्या जागी अर्धा तास आधी न्या आणि तिथं सुरात मिळवा. दमट हवेत कातडं सैल पडून सूर उतरतो, मे महिन्याच्या कोरड्या उन्हात ताणून चढतो. घरी मिळवलेली ढोलकी मैदानात बेसूर लागते ती याच कारणानं. हलगी शेकून घ्यायची तर विडीच्या पानांपासून आणि तंबाखूपासून लांब शेका. पावसाळ्यात फायबरची हलगी चालेल, नाद थोडा कोरडा येतो एवढंच.

आता या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची सूचना. तुमच्या बारा जणांपैकी फक्त सहा जण पुढं उभे राहा : पुढची गायिका, झांज, ढोलकी, हलगी आणि दोन झीलकरी. उरलेले सहा जण लोकांत बसवा, दोन डावीकडं, दोन उजवीकडं, दोन पार मागं. पथकाचा पोशाख नको, रोजचेच कपडे. पहिल्या जवाबाला या सहांनी शेजारणीकडं बघत मोकळ्या गळ्यानं म्हणायचं. एकट्या माणसाला गर्दीत आवाज काढायला संकोच वाटतो, शेजारी कुणी म्हणत असेल तर वाटत नाही. आणि हे लपवून करू नका. ‘आमच्या बाया तुमच्यात बसल्यात, त्यांच्याबरोबर म्हणा’ असं सुरुवातीलाच सांगा. ध्रुपद आधी वाद्यांशिवाय तीनदा म्हणवून घ्या, मगच ढोलकी येऊ द्या. तेवढा वेळ मोबाईल खाली ठेवायला सांगा. ज्याच्या हातात शूटिंग चाललंय त्याला टाळी वाजवता येत नाही, आणि गाताना आपलाच आवाज व्हिडिओत येईल म्हणून तो गप्पही राहतो. कार्यक्रम पस्तीस ते चाळीस मिनिटांचा पुरे. सहाच्या सहा गाणी एका दिवशी नकोत, तीन घ्या आणि ध्रुपदं दोनदा फिरवा.

मोठ्या मंडपापेक्षा गल्ली बरी. गणपतीतल्या हजाराच्या गर्दीत माणूस अनोळखी असतो, तिथं तो काय म्हणाला हे दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही. पन्नास-साठ ओळखीच्या बाया एका गल्लीत बसून ‘अठरा झाल्यावर’ म्हणाल्या की ती गोष्ट गल्लीच्या तोंडी राहते. वेळ संध्याकाळी सातची, चहापाणी आणि माल देणं उरकल्यावर. त्याहून सोपी जागा म्हणजे दुपारचा ओटा. पाच-सहा जणी सूप मांडीवर घेऊन विड्या वळत असतात, हात गुंतलेले असतात, तोंड मोकळं असतं. तुमच्यापैकी एकीनं आपलं सूप घेऊन तिथं जाऊन बसावं आणि वळता वळता ध्रुपद गुणगुणावं. कार्यक्रमाआधीचे पंधरा दिवस एवढंच केलं तरी कार्यक्रमाच्या दिवशी निम्म्या बायांना गाणं येत असेल. एक जपा : तंबाखूच्या धुळीनं घसा कोरडा पडलेला असतो. सराव कामावरून उठल्या उठल्या नको. चूळ भरून, पाणी पिऊन, पाच मिनिटं तोंड मिटून गुणगुणून मग गळा मोकळा करा. आठवड्यातून दोनदा एक-एक तास, असा सहा आठवड्यांचा सराव तीन गाण्यांना पुरतो.

काय गाऊ नये हेही तितकंच महत्त्वाचं. ‘आपल्या वस्तीत घरोघरी बालविवाह’ अशी ओळ असेल तर ती काढा. ऐकणाऱ्याला इशारा ऐकू येत नाही, सगळेच करतात एवढंच ऐकू येतं, आणि ज्याचं ठरत नव्हतं त्याचंही ठरतं. त्याऐवजी ज्या घरांनी थांबायचं ठरवलं त्यांचं गाणं करा, नाव न घेता. आईला किंवा बापाला कसाई, वैरी म्हणणारी कडवी टाळ्या खूप घेतात. पण ज्या घरात उद्या बोलणी व्हायची आहेत ते घर त्या रात्रीपासून तुमच्याकडं पाठ फिरवतं. रडणाऱ्या नवरीचं नाट्य पाच मिनिटांपेक्षा जास्त लांबवू नका. नुसतं भेदरलेलं माणूस काहीच करत नाही. आणि गल्लीत घडलेल्या खऱ्या घटनेवर, त्या गेल्या महिन्याच्या लग्नावरसुद्धा, गाणं करू नका. अल्पवयीन मुलीची ओळख उघड करायला कायद्यानं मनाई आहे, आणि नाव बदललं तरी गल्लीला मुलगी कळतेच.

गाणं संपल्यावर हातात काय द्यायचं, ते आता. एका कार्यक्रमात एकच काम सांगा. पहिल्या कार्यक्रमात संकटातल्या मुलामुलींसाठीचा १०९८ हा मदतीचा नंबर. तो चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत. ‘दहा नऊ आठ’ असा आठ टाळ्यांत फिरवून झिलीतच घाला, म्हणजे पाठ करावा लागणार नाही. दुसऱ्या कार्यक्रमात प्रत्येक गल्लीतून तीन बायांची नावं लोकांसमोर ठरवा, ज्यांच्याकडं मुलगी किंवा तिची आई गुपचूप येऊन बोलू शकेल. नावं पुकारली की त्या बायांनी उभं राहून ध्रुपदाची एक फेरी पुढं म्हणायची. हे साधं वाटतं, पण सगळ्यांसमोर गाऊन घेतलेली जबाबदारी टाकणं माणसाला जड जातं. तिसऱ्या कार्यक्रमात बँडवाले, मंडपवाले, आचारी आणि पत्रिका छापणारे यांना पुढं बोलवा. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यात लग्न लावणारा, जमवणारा आणि त्याला मदत करणारा या सगळ्यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लग्न जमवल्याच्या किंवा होऊ दिल्याच्या कलमाखाली बायकांना तुरुंगवास नाही, पण दंड आहे. सुपारी घेण्याआधी वयाचा दाखला बघू, असं बँडवाल्यांनी ठरवलं तर तुमच्या गाण्याला असे जोडीदार मिळतील ज्यांच्याशिवाय वरात निघत नाही. तीही तुमच्यासारखीच वाजवून पोट भरणारी माणसं आहेत, त्यांच्याशी त्याच नात्यानं बोला.

वेळापत्रक लग्नसराईला धरून आखा. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात, आणि दहावीची परीक्षा संपली की मुलींसाठी खरा धोक्याचा काळ येतो. म्हणून एक फेरी दिवाळीच्या आधी, दुसरी सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उरकल्यावर फेब्रुवारीत, तिसरी दहावीच्या निकालाच्या आठवड्यात. निकालाच्या फेरीत गाण्यापेक्षा अकरावीच्या प्रवेशाचे अर्ज भरून द्यायचं टेबल मोठं ठेवा. फक्त गणपतीत आणि जयंतीला गायलात तर ज्या महिन्यात लग्नं ठरतात त्या महिन्यात तुम्ही नसता.

परिणाम कसा मोजायचा? टाळ्या आणि बक्षिसं मोजू नका. दुसऱ्या दिवशी पाच घरांत जाऊन विचारा : कालच्या गाण्यातली कुठली ओळ आठवते? नंबर सांगता येतो का? काल कुणी काही बोललं का? पाचपैकी तिघींना एकच ओळ आठवत असेल तर ती ओळ चालली, बाकीच्या बदला. कुणालाच नंबर आला नाही तर तो झिलीत नीट बसलेला नाही. जुलैत गल्लीतल्या दहावी पास मुलींपैकी किती जणी अकरावीला किंवा आयटीआयला गेल्या हे वहीत लिहा. वहीत मुलींची नावं नकोत, आकडे पुरेत. एका वर्षात फरक दिसला नाही तरी वही बंद करू नका.

आणि ती मुलगी. तिच्या घराशी बोलणं तोडू नका. पथकातली तिला सगळ्यात जवळची जी असेल तिनं एकटीनं भेटत राहावं. लग्न झालं म्हणून १०९८ बंद होत नाही, त्रास असेल तर तो नंबर आताही तिचाच आहे. असं लग्न रद्द करून मागायचा हक्क तिला सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत राहतो. ते तिनं करावं की नाही हे तिचं ती ठरवेल, पण तिला माहीत असलं पाहिजे. शिकायची इच्छा असेल तर कॉलेजात न जाता १७ नंबरचा अर्ज भरून बारावीला बसता येतं. हे तिच्या सासरीही पटण्यासारखं असतं, त्यामुळं सुरुवात तिथून करा.

राहिले पंचवीस हजार. कीबोर्ड घेऊ नका. त्याला वीज लागते, वाजवणारा एकच असतो, तो आला नाही की कार्यक्रम रद्द होतो. शिवाय भरगच्च साथ ऐकली की लोक ऐकायला बसतात, गायला नाही. मोठा स्पीकरही नको. पन्नास-साठ माणसांच्या गल्लीत एका भिंतीला पाठ लावून अर्धगोल उभे राहिलात तर सहा गळे पुरतात, कारण भिंत आवाज पुढं टाकते. शंभराच्या वर माणसं असतील तेव्हा बॅटरीवरचा बारा इंची ट्रॉली स्पीकर आणि दोन माईक भाड्यानं घ्या. स्पीकर स्टँडवर, ऐकणाऱ्यांच्या डोक्याच्या उंचीला आणि तुमच्या पुढं ठेवा. मागं ठेवलात तर शिट्टी मारतो. इको पूर्ण बंद करा, बेस अर्ध्यावर आणा. इकोनं आवाज भारदस्त वाटतो, पण ‘अठरा झाल्यावर’चा ‘अठरा’च ऐकू येत नाही, आणि तुमचं सगळं काम त्या एका शब्दावर आहे. माईक तोंडापासून चार बोटं लांब, ढोलकीकडं पाठ करून. स्पीकर लावणार असाल तर पोलीस ठाण्यात आधी अर्ज देऊन परवानगी घ्या, आणि रात्री दहाच्या आत आटपा. रहिवासी भागातली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची आहे.

पैशातून दोन चांगल्या झांजा, ढोलकीच्या जादा पुड्या (तोंडावरची कातडी), एक फायबरची हलगी आणि पट्टी धरायला जुनी पण सुरात असलेली पेटी घ्या. ध्रुपद आणि १०९८ छापलेली पत्रकं मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत काढा. उरलेली रक्कम सरावाला येणाऱ्या बायकांच्या बुडालेल्या मजुरीसाठी राखून ठेवा. तासभर सरावाला आलं की तेवढ्या विड्या कमी होतात, आणि दोन-तीन महिन्यांनी पथक गळायला लागतं ते याच कारणानं. किती द्यायचे हे सगळ्या नऊ जणींनी बसून ठरवा, आणि वहीत सही घेऊनच द्या.